साळलेली शिंगं

आंबेदरा, ता. २४ जुलै १९४१

रा. रा. नाथाजी पाव्हणं यांस आकारामचा रामराम.

मनू गेल्यापासून तीन वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहायला जमलं नाही. तुम्हीही लिहिलं नाही, तेव्हा फिटंफाट झाली. आता काम पडलं म्हणून लिहितो, खोटं कशाला बोलू. तुम्ही साताऱ्यात वकिलाचे कारकून. तुमची बहीण जिवंत होती तेव्हा 'माज्या भावाला कायदा तोंडपाठ हाय' असं गावभर सांगत फिरायची. तो कायदा आता मेहुण्याच्या कामाला येऊ द्या.

आमच्या गावात गोधन साहाय्यक मंडळी आहे. साठ घरं. ज्याचा बैल मरेल त्याला बाकीच्यांनी मिळून बैल घेऊन द्यायचा, पेरणी कुणाची अडू द्यायची नाही. प्रत्येक बैलाच्या उजव्या शिंगावर मंडळीचा आकडा तापल्या लोखंडानं डागलेला असतो. बैल मेला की शिंग कापून आणायचं आणि पंचांनी आकडा बघायचा. मी चेअरमन.

आमच्यातला एक हरिबा. त्याचा पाखऱ्या बेंदरानंतर आठव्या दिवशी पोट फुगून मेला. ऐन पेरणी, म्हणून आम्ही सांगलीच्या बाजारातून त्याला आधी खोंड घेऊन दिलं आणि शिंग मागाहून बघितलं. बघतो तर आकडाच नाही! बेंदराला बैल सजवताना ह्या हरिबानं शिंगं मुळापासून साळली, आकडा भुशात गेला. बाकी सगळे आकड्यापुरती चार बोटं जागा सोडतात. आता ते शिंग पाखऱ्याचंच, हे कशावरून? माझं म्हणणं, पाखऱ्या मेलाच नाही. विकला, आणि कुठल्या तरी मेल्या जनावराचं शिंग आणून दाखवलं.

तर असल्या मंडळीला फसवणाऱ्याला सरकार काय करतं, किती दिवस बसवतं, ते कळवा. दंड नको. दंड भरून माणूस पुन्हा गावातच येऊन बसतो.

बनूचं कुठं जमलं का? नसेल तर बिजवर बघा. डोळ्यानं अधू मिळाला तर उत्तमच.

आकाराम


सातारा, ता. २९ जुलै १९४१

तीर्थस्वरूप दाजींस, नाथाजीचा साष्टांग नमस्कार.

बनूचं जमलेलं नाही. मामाची पोर म्हणून तिच्यावर पहिला हक्क तुमच्या मानसिंगचा होता. तुम्ही तिच्या तोंडावरचे देवीचे वण बघितले आणि भरल्या ताटावरून उठलात. त्या दिवशी मनुअक्का किती रडली हे तुम्ही विसरला असाल, मी नाही. असो. आता कायदा.

इंडियन पिनल कोड, कलम ४२०. लबाडी करून दुसऱ्याकडून माल काढून घेणं. सात वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. मंडळी गरिबांची असो की सावकाराची पेढी असो, कलमाला सारखीच. पण गरिबांनी एकमेकांसाठी जमवलेलं कुणी खाल्लं की मॅजिस्ट्रेटला राग अंमळ जास्त येतो, हा माझा अठरा वर्षांचा अनुभव.

मात्र लबाडी शाबीत व्हावी लागते. बैलाच्या मायेनं एखाद्यानं शिंगं साळली असतील तर तो मूर्ख ठरेल. मूर्खपणाला कलम नाही, नाहीतर अर्धा जिल्हा आत असता. साळण्याआधी त्यानं कुणाला विचारलं होतं का? पाखऱ्याला मरताना कुणी पाहिलं का? आणि दाजी, तुम्हाला दंड पुरत नाही, माणूसच गावातून जायला हवा आहे, ते का? वैद्यापुढं आणि वकिलापुढं लाज धरू नये. घरचा माणूस आहे, खरं लिहा. वाचून चुलीत घालतो.

नाथाजी


आंबेदरा, ता. ३ ऑगस्ट १९४१

नाथाजी पाव्हणं,

वाचा आणि जाळा.

त्यानं मलाच विचारलं होतं. खांदमळणीच्या दिवशी, बेंदराच्या आदल्या सांजेला, बैल घेऊन दारात आला. 'आवं चेरमन, समदं शिंग आरशावानी झालंय आन् ह्यो आकड्याचा तुकडा बगा, नवरदेवाच्या तोंडाव खरूज जनू. साळू का?' मला हसू आलं. म्हणालो, 'साळ की गड्या, बेंदूर झाला की परत डागू.' तोवर माझ्या मनात काही नव्हतं. आणि पाखऱ्या खरोखरच मेला. त्याच्या बायकोशिवाय मी एकट्यानंच बघितला. हरिबा त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, माणूस गेल्यासारखा.

मग त्याला आत का घालायचं? ऐका. गेल्या मार्गशीर्षात माझा चांद्या मेला असं सांगून मी मंडळीकडून बैल घेतला. चांद्या मेला नव्हता. सांगलीत इलियास म्हणून बैलांचा व्यापारी आहे, त्याला विकला. सांगली आमच्यापासून सहा मैल, पण तिथं संस्थान आणि इथं इंग्रजी. तिकडचं इकडं कोण विचारतो? पंचांना दाखवलेलं शिंग दुसऱ्याच एका मेल्या बैलाचं. त्यावर चांद्याचा आकडा मीच डागला, लोखंड चेअरमनच्याच घरी असतं.

आता नशीब बघा. हरिबाचं खोंड घ्यायला आम्हीच त्याला सांगलीला पाठवला, आणि त्यानं इलियासच्या दावणीला चांद्या बघितला. कपाळावर चांद, शिंगावर आमचा आकडा. परत आला आणि मला एकट्याला गाठून म्हणतो, 'म्या कुनाला बोलनार न्हाई. तुमीच सभंत सांगून टाका. लोकं माफ करत्याल.'

माफ करत्याल! साठ घरांपुढं मी हात जोडायचे? ह्या हरिबाच्या तोंडाकडं बघत? सभा श्रावणाच्या अखेरीस आहे. त्याआधी काय ते सांगा.

आकाराम


सातारा, ता. ८ ऑगस्ट १९४१

तीर्थस्वरूप दाजींस साष्टांग नमस्कार.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं.

४२० कलम तुमच्या गावात एकालाच लागू पडतं आणि तो हरिबा नव्हे, हे तुमच्याही ध्यानात आलं असेल. पण कोर्ट सत्य बघत नाही, पुरावा बघतं. सभेच्या आत फिर्याद द्या. तुम्ही आधी बोललात की त्यानं मागून चांद्याचं नाव काढलं तरी लोक म्हणतील, चोराच्या उलट्या बोंबा. पंचांच्या सह्या घ्या. साठ घरांचा प्रश्न आहे असं म्हणत राहा, हरिबाचं नाव फार घेऊ नका. साळायला परवानगी दिली होती का, असं विचारतील. 'नाही' एवढंच म्हणायचं. लांबण लावलीत तर अडकाल.

इलियासला संस्थानातून समन्सनं आणणं ही लांबची गोष्ट. हरिबासारख्या माणसाला ते सुचणार नाही.

हे मी तुम्हाला शिकवतो आहे याची मला शरम वाटते. पण अक्काचं घर आहे. मानसिंगला आशीर्वाद. पलटणीतून त्याला रजा कधी मिळणार आहे?

नाथाजी


आंबेदरा, ता. १५ ऑक्टोबर १९४१

नाथाजी पाव्हणं यांस रामराम.

काम फत्ते. परवा निकाल लागला, नऊ महिने सक्तमजुरी.

हरिबानं वकील दिला नव्हता. 'मला वकील कशाला? खरं काय ते चेरमनला ठावं हाय,' म्हणत फिरत होता. मी साक्षीला उभा राहिलो तेव्हा त्यानंच मला विचारलं, 'आवं, खांदमळनीला म्या इचारलं न्हवतं व्हय तुमास्नी? तुमी हसला न्हवता?' मी म्हणालो, 'नाही.' त्याला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. तेच पुन्हा जरा मोठ्यानं विचारलं. मी पुन्हा 'नाही' म्हणालो.

शेवटी त्यानं चांद्याचं काढलं. कोर्टात हशा पिकला. साहेब म्हणाले, आरोपी स्वतःचं झाकायला प्रतिष्ठित माणसावर शिंतोडे उडवतो. शिक्षा त्यामुळंच वाढली म्हणतात. नऊ महिन्यांतले तीन चांद्याच्या नावाचे धरा.

खोंड मंडळीनं फिर्याद देतानाच काढून आणलं होतं. त्याच्या बायकोपाशी, साळूबाईपाशी, आता एकटा हरण्या उरला आहे. एका बैलावर नांगर चालत नाही, आणि तिच्याशी सावड करून आपला बैल जोडायला कुणी तयार नाही. मी कुणाला काही बोललो नाही. तिच्या बांधावरून नुसता दोनदा गेलो, तेवढ्यावर लोकांना समजतं. काल तिनं हरण्याच्या जोडीला स्वतःचा खांदा लावला. नांगराचे दोन चर काढले. बघायला गर्दी झाली होती, मीही थांबलो.

ती अपिलासाठी साताऱ्याला निघणार आहे. तुमच्याच वकिलांचं नाव इकडं घेतात. आली तर चहा पाजा आणि परत पाठवा.

आकाराम


सातारा, ता. २८ ऑक्टोबर १९४१

तीर्थस्वरूप दाजींस साष्टांग नमस्कार.

साळूबाई आली. तीन दिवस आमच्या वकिलांच्या ओसरीवर बसून आहे. खांद्यावर हिरवा-काळा वळ आहे, लुगड्याचा पदर त्यावर टेकू देत नाही. मी तुमचा मेहुणा हे तिला ठाऊक आहे, तरी पहिल्या दिवशी मी तिला तांब्याभर पाणी दिलं, तेवढ्यावर तिनं मला देवमाणूस ठरवून टाकलं. म्हणते, 'दादा, माजा धनी लबाड न्हाई वं. पाखऱ्याला वैरन घातल्याबिगार त्येनं कवा भाकर मोडली न्हाई. त्येला तकडं काथ्या कुटाय लावलाय म्हनं. येवडा कागूद वाचा तुमी.' निकालाची नक्कल आहे ती. मला पाठ आहे.

वकीलसाहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, 'बाई, नुसत्या अपिलात दम नाही. चेअरमननं परवानगी दिली होती असं दाखवणारं एक चिठोरं आण, मी तुझ्या नवऱ्याला सोडवून आणतो. फीसुद्धा घेणार नाही.'

दाजी, ते चिठोरं माझ्या ट्रंकेत आहे. तुमचं तीन ऑगस्टचं पत्र मी जाळलं नाही. जाळायला म्हणून चुलीपाशी गेलो होतो. बनू भाकऱ्या थापत होती. जाळाचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता, वण न् वण दिसत होता, आणि मला तुमचं ते 'डोळ्यानं अधू मिळाला तर उत्तमच' आठवलं. तसाच माघारी फिरलो.

शपथेवर खोटी साक्ष, कलम १९३, सात वर्षांपर्यंत. चांद्याचं ४२० त्याहून वेगळं. अपिलाची मुदत बारा नोव्हेंबरला संपते.

माझं मागणं काही नाही. मामाची पोर आहे, एवढंच. मानसिंगला रजा मिळणार असं ऐकतो, मार्गशीर्षात मुहूर्त भरपूर आहेत. हुंड्याची माझी ऐपत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

नाथाजी


आंबेदरा, ता. ३ नोव्हेंबर १९४१

नाथाजी,

तुला पाव्हणं म्हणायची माझी इच्छा राहिली नाही. दुसरा कुणी असता तर त्याच्या दारात जाऊन त्याला तुडवला असता. पण तुझं पत्र वाचून मला हसूही आलं, हे कबूल करतो. मी तुला भित्रा कारकुंडा समजत होतो.

मानसिंगला विचारलं नाही, तारेनं सांगितलं. त्यानं उलट टपाली लिहिलं, 'मामाची बनू? तिच्यात काय वाईट आहे?' पलटणीत राहून त्याची नजर बिघडली असावी.

लग्न माझ्या दारात, सात डिसेंबरला. अक्षता पडायच्या आधी माझी सगळी पत्रं माझ्या हातात यायला पाहिजेत. आणि बारा तारखेपर्यंत त्या बाईला ओसरीवरून उठू द्यायची नाही, दुसऱ्या वकिलाचं दार तिला दिसता कामा नये. अपिलाचा कागद मात्र कोर्टात जायचा नाही. हे कसं जमवायचं ते तू बघ.

आकाराम


सातारा, ता. १८ डिसेंबर १९४१

तीर्थस्वरूप दाजींस साष्टांग नमस्कार.

कार्य देखणं झालं. मानसिंगनं बनूचा हात धरून तिला वेशीतल्या देवाला नेलं तेव्हा मला अक्काची फार आठवण झाली. पोरगी लाजून हसत होती. ती हसल्यावर वण दिसत नाहीत, हे तुम्हीही बघितलं असेल.

साळूबाईचं तुम्ही म्हणालात तसं केलं. अर्ज दिला आहे, तारीख लागायची आहे, असं तिला सांगितलं. बारा तारीख टळली. तिला तारखा वाचता येत नाहीत. आमच्या घरी लग्न आहे असं कळल्यावर आपण होऊन आली आणि चार दिवस जात्यावर बसली. मजुरी देऊ केली तर कानांना हात लावले. 'तुमची लेक ती माजी लेक. सुकात नांदंल बगा,' म्हणाली. बनूनं मला विचारलं, 'आबा, ही मावशी कोण?' मी म्हणालो, पक्षकार. तिनं दळलेल्या पिठाची पुरणपोळी मी खाल्ली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मी दिलेल्या पुडक्यात चार नाही, तीनच पत्रं आहेत. तीन ऑगस्टचं मी ठेवून घेतलं. रागावू नका. मानसिंग आज ना उद्या लढाईवर जाणार, अक्का नाही. पोरीच्या पाठीशी मला दुसरं काय ठेवता येणार? ती तुमच्या घरात सुखानं नांदेल तोवर ते ट्रंकेबाहेर निघणार नाही.

नाथाजी


आंबेदरा, ता. २० फेब्रुवारी १९४२

नाथाजीस आकारामचा आशीर्वाद.

मानसिंगचं जहाज गेलं. कुठं गेलं ते सरकारलाच ठाऊक.

पुडक्यात तीनच आहेत हे मी मांडवातच मोजलं होतं. बोललो नाही. म्हटलं, पोरगं जाऊ दे.

पत्र तुझ्याकडं आहे, लेक माझ्याकडं. पत्राला भूक लागत नाही, थंडी वाजत नाही आणि हात उचलला तरी ते कळवळत नाही. मानसिंग गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गडी काढून टाकला. शेणघाण, वैरण, मळ्यातलं पाणी आता सूनबाई बघतात. गोठ्यात जेवतात, गोठ्यातच झोपतात. परवा वैरण तोडताना विळा हातावर बसला. हळद मागायला चुलीपाशी आली, मी उंबऱ्यावरूनच हाकलली. रडत नाही. त्या बाबतीत आत्यावर गेली आहे. मनूही शेवटी शेवटी रडायची नाही.

'आबांना लिवू का?' म्हणाली. मी म्हणालो, मीच लिहितो.

पत्र बाहेर काढायचं तर खुशाल काढ. वॉरंट निघून पोलीस माझ्या दारात यायला दोन दिवस तरी लागतील. ते दोन दिवस घरात आम्ही दोघंच असू.

आता काम. साळूबाईनं सांगलीला जाऊन इलियासला गाठलं. चांद्या अजून त्याच्याच दावणीला आहे, आणि म्हातारा साताऱ्याला येऊन साक्ष द्यायला तयार झाला आहे. त्याचं लिहून घेतलेलं घेऊन ती तुझ्याकडंच येणार, तू देवमाणूस ना. तो कागद मला पाहिजे. चांद्याचं आणि म्हाताऱ्याचं मी बघून घेतो.

दुसरं असं की हरिबा बेंदराच्या सुमाराला सुटतो. सुटून आल्यावर त्याच्या घराच्या वळचणीला माझ्या घरून चोरीला गेलेलं मंडळीचं डागणीचं लोखंड सापडलं, असं समजू. एकदा शिक्षा झालेल्या माणसाला दुसऱ्या खेपेला किती देतात? परतीच्या टपालानं कळव.

आकाराम


सातारा, ता. २७ फेब्रुवारी १९४२

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी नाथाजीचा साष्टांग नमस्कार.

साळूबाई काल आली. कऱ्हाडपर्यंत चालत आणि पुढं मोटारीनं. हरण्या विकून तिनं भाड्याची सोय केली. इलियासनं कागदावर चांद्याचा आकडा, कपाळावरची खूण आणि आपण तो कुणाकडून घेतला, सगळं स्वच्छ लिहून खाली सही केली आहे. 'दादा, आता तरी सुटंल न्हवं धनी?' असं तिनं विचारलं. सुटेल, म्हणालो. ती माझ्या पाया पडली. वयानं ती माझ्याहून मोठी आहे.

तो कागद या पत्रासोबत पाठवत आहे. आपलं तीन ऑगस्टचं पत्रही सोबत जोडलं आहे. त्याची नक्कल केलेली नाही, बनूची शपथ.

आपण विचारलेलं कलम ७५. पूर्वी शिक्षा भोगलेल्यानं पुन्हा तशाच जातीचा गुन्हा केल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, किंवा जन्माचं काळं पाणी. लोखंड पंचांच्या समक्ष सापडावं. आपण स्वतः हात लावू नये.

पहाटेचा गारठा अजून कमी झालेला नाही. बनूला गोठ्यातून घरात घ्यावं आणि तिच्या हाताला हळद लावू द्यावी, एवढीच पायांपाशी विनंती.

आपला आज्ञाधारक,
नाथाजी